झोपेतली स्वप्नं: आमच्या किनाऱ्यावर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मालवण तालुक्यातल्या समुद्रकाठच्या एका गावात मी तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. तेव्हा मुलं प्रश्न विचारायची, आता निवृत्तीनंतर मोठी माणसं विचारतात. कधी देवळाच्या पारावर, कधी ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत. स्वप्नांबद्दल जितकं विचारतात तितकं दुसऱ्या कशाबद्दल विचारत नाहीत, आणि विचारताना आवाज खाली आणतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं दोन-चार ओळींत संपतात. एक फार लांबलं आहे, कारण ते माझ्या घरातलं आहे.

स्वप्न पडतं तेव्हा नेमकं काय चालू असतं?

समुद्राला दिवसातून दोन भरत्या येतात, झोपेला एका रात्रीत चार-पाच. साधारण नव्वद मिनिटांचं एक चक्र असतं. आधी उथळ झोप, मग गाढ, आणि शेवटी एक विचित्र टप्पा. या टप्प्यात मेंदू जवळजवळ जागेपणीइतका कामात असतो, मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं झपाझप हलत असतात, श्वास आणि नाडी अनियमित होते, पण हातपाय मात्र लुळे पडलेले असतात. या टप्प्याला आरईएम झोप म्हणतात, म्हणजे ‘रॅपिड आय मूव्हमेंट’, डोळे झपाझप हलण्याची झोप. मोठ्या माणसाच्या झोपेतला सुमारे पाव किंवा त्याहून थोडा कमी भाग या झोपेचा असतो. नवजात बाळाच्या झोपेत तो जवळजवळ निम्मा असतो. पाळण्यातलं बाळ झोपेत हसतं, ओठ मुडपतं, ते बहुतेक वेळा याच टप्प्यात.

हे सापडलं १९५३ साली शिकागो विद्यापीठात. यूजीन ॲसेरिन्स्की या विद्यार्थ्याने आपल्या लहान मुलाच्या डोळ्यांजवळ तारा चिकटवून रात्रभर नोंद घेतली. कागदावरच्या रेघा मध्येच उसळू लागल्या. आधी त्याला यंत्रच बिघडलं असं वाटलं. मग त्याचे गुरू नॅथॅनिएल क्लाइटमन आणि तो, दोघांनी मिळून मोठ्या माणसांना याच टप्प्यात उठवून पाहिलं, आणि बहुतेकांनी ताजं, रंगतदार स्वप्न सांगितलं. तोवर झोप म्हणजे मेंदूने दिवा मालवणं अशीच समजूत होती.

एक दुरुस्ती मात्र लगेच करतो. स्वप्नं फक्त आरईएम झोपेतच पडतात असं नाही. बाकीच्या झोपेतही पडतात, पण ती सहसा त्रोटक, विचारांसारखी असतात. लांबलचक, डोळ्यांपुढे घडणारी, काहीच्या काही वळणं घेणारी स्वप्नं आरईएमची.

मला स्वप्नंच पडत नाहीत. काही बिघाड आहे का?

नाही. पडतात, पण आठवत नाहीत. आरईएम झोपेत मेंदूत नॉरॲड्रेनलिन नावाचं रसायन अगदी तळाला गेलेलं असतं, आणि ताजी गोष्ट आठवणीत पक्की करायला ते लागतं. स्वप्नाच्या मध्येच किंवा ते संपताक्षणी जाग आली तरच ते हाताला लागतं. कूस बदलून पुन्हा झोपलात की गेलं.

पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात. त्यात काही तथ्य?

खरं होतं यात तथ्य नाही, पण ही समजूत का रुजली ते मात्र स्पष्ट दिसतं. रात्रीच्या पहिल्या चक्रात आरईएम झोप जेमतेम पाच-दहा मिनिटांची असते. पुढे प्रत्येक चक्रात ती वाढत जाते आणि पहाटेच्या सुमारास अर्ध्या तासाच्या घरात पोचते. म्हणजे सर्वांत मोठी, सर्वांत स्पष्ट स्वप्नं पहाटेचीच. त्यात कोंबडा आरवतो, कोणीतरी चुलीपुढे खुडबुड करतं, जाग येते आणि स्वप्न आख्खं आठवतं. आठवणारी स्वप्नं बहुतेक पहाटेची, त्यामुळे योगायोगाने जुळलेलंही पहाटेचंच. न जुळलेली शंभर आपण न्याहारीपर्यंत विसरून गेलेलो असतो.

स्वप्नातल्या आकड्यावर मटका लावणाऱ्यांनाही माझं हेच उत्तर आहे. घरातले पैसे घालवू नका.

अख्खं स्वप्न दोन सेकंदांत पडून जातं, हे खरं का?

नाही. १९५७ साली विल्यम डिमेंट आणि क्लाइटमन यांनी माणसांना आरईएम झोप सुरू झाल्यावर कधी पाच, तर कधी पंधरा मिनिटांनी उठवलं आणि विचारलं, किती वेळ स्वप्न चालू होतं? बहुतेकांचं उत्तर बरोबर आलं. स्वप्नातला वेळ साधारण आपल्या घड्याळासारखाच चालतो.

हंगामात डोळे मिटले की आंबेच आंबे दिसतात. हे स्वप्न का?

एप्रिल-मेमध्ये बागायतदारांकडे कामाला जाणारी मुलं हे दरवर्षी सांगतात. दिवसभर झेल्याने आंबे काढायचे, देठ राखून ठेवायचे, आकाराप्रमाणे निवडून पेट्या भरायच्या. रात्री पाठ टेकली की डोळ्यांपुढून हिरवे आंबे सरकत राहतात, आणि हात आपोआप वळायला बघतात.

हे झोपेच्या उंबरठ्यावरचं स्वप्न आहे, आणि त्यावरचा एक प्रयोग मला फार आवडतो. रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० साली लोकांना टेट्रिस हा व्हिडिओ गेम पुष्कळ वेळ खेळायला लावला. झोप लागता लागता त्यांना पडणारे ठोकळे दिसायला लागले. पण त्या गटात काही माणसं अशी होती की मेंदूच्या इजेमुळे त्यांना नवीन काहीच लक्षात राहत नसे. आपण खेळलो होतो हेसुद्धा त्यांना आठवत नव्हतं. त्यांच्यातल्याही काहींना ठोकळे दिसले! म्हणजे झोपेतला मेंदू दिवसाचा माल पुन्हा निवडायला बसतो, तो आपल्या आठवणीला न विचारता. शिकलेलं पक्कं करण्यात झोपेचा मोठा वाटा आहे हे आता चांगलं सिद्ध झालेलं आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागू नका, असं मी मुलांना घसा कोरडा करून सांगायचो ते याचसाठी.

याच उंबरठ्यावर माडावरून पडल्यासारखं होऊन अंग दचकतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. स्नायू सैल सोडताना बसलेला तो एक झटका असतो. दमणूक आणि जास्त चहा झाला की तो वाढतो.

छप्पर गळायला लागलं की स्वप्नातही पाऊस पडतो. बाहेरचं आत शिरतं का?

शिरतं, पण सगळं सारखं नाही. १९५८ साली डिमेंट आणि वोल्पर्ट यांनी आरईएम झोपेतल्या माणसांवर पाण्याचे तुषार मारले, तोंडावर उजेड पाडला, आवाज ऐकवले. पाणी सुमारे ४२ टक्के स्वप्नांत शिरलं, उजेड त्याहून बराच कमी, आवाज सर्वांत कमी. कौलातून ठिबकणारं पाणी गालावर पडलं आणि तुम्ही स्वप्नात इरलं शोधत फिरलात, तर ते या प्रयोगाला धरूनच झालं. वासाचं वेगळंच. जर्मनीत झोपलेल्या लोकांना गुलाबासारखा आणि सडक्या अंड्यासारखा वास दिला. स्वप्नात गुलाब किंवा अंडी फारशी आली नाहीत, पण चांगल्या वासाने स्वप्नाचा सूर आनंदी झाला आणि घाण वासाने बिघडला. सुकी मासळी भरलेल्या खोलीत झोपणाऱ्या पाहुण्यांनी हे ध्यानात ठेवावं. आपल्याला तो वास घरचा आहे, त्यांना नाही.

मध्यरात्री जाग येते, छातीवर कोणीतरी बसलेलं असतं, ओरडता येत नाही. हे बाहेरचं आहे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा आणि सर्वांत हळू आवाजात विचारला जातो. कोणी देवचाराचं नाव घेतं, कोणी मुंजाचं. मी ऐकून घेतो, कारण त्या माणसाने जे भोगलं ते खरंच असतं. त्याला वेड्यात काढायचं नाही.

आरईएम झोपेत मेंदूच्या बुंध्याकडून पाठीच्या कण्याला हुकूम जातो आणि हातापायाचे स्नायू सैल केले जातात. त्यामुळे स्वप्नात आपण पळत असलो तरी अंथरुणात पडून राहतो. फक्त डोळे आणि श्वासाचा पडदा हलत असतो. कधी कधी जाग आधी येते आणि हा बांध सुटायला उशीर होतो. डोळे उघडे, खोली दिसते आहे, पण बोटही हलत नाही. छातीचे स्नायू सैल असल्याने खोल श्वास घेता येत नाही आणि छातीवर ओझं आहे असं वाटतं. अर्धं स्वप्न अजून चालू असल्याने त्या ओझ्याला आकार येतो. भीतीचं केंद्र तर आरईएम झोपेत आधीच चेतलेलं असतं. याला निद्रा-पक्षाघात म्हणतात. नाव भयंकर असलं तरी तो पक्षाघात नव्हे. काही सेकंद ते फार तर दोन-चार मिनिटं, आणि तो आपोआप सुटतो. शंभरातल्या सात-आठ माणसांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो. जागरण, अनियमित झोप, मनावरचा ताण आणि उताणं झोपणं यांनी तो वाढतो. म्हणून कुशीवर झोपा, झोपेची वेळ सांभाळा, आणि आलाच तर एकच बोट किंवा जीभ हलवण्याचा प्रयत्न करा.

पण आपल्याकडे एक गोष्ट फार जपायला हवी, आणि ती मी प्रत्येकाला सांगतोच. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण घालून झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. तिचा दंश बहुधा दुखत नाही, खूण जेमतेम दिसते. पहाटे पोटात दुखून जाग आली, पापण्या जड होऊन खाली येऊ लागल्या, गिळता येईना, बोलणं जड झालं आणि हे वाढतच चाललं, तर ते स्वप्न नाही, निद्रा-पक्षाघातही नाही. कौल लावण्यात, उतारा टाकण्यात एक मिनिटही घालवू नका. थेट सर्पविषावरची लस असलेल्या रुग्णालयात जा. निद्रा-पक्षाघात मिनिटांत ओसरतो, मण्यारीचं विष चढत जातं. हा फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा. आणि जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपावं.

घरातले वडीलधारे झोपेत हातपाय झाडतात, ओरडतात. वयामुळे होतं का?

माझे बाबा तांडेल होते, म्हणजे मासेमारीच्या होडीचे प्रमुख. पन्नाशी उलटल्यावर ते झोपेत वल्हवायला लागले. दोन्ही मुठी वळून छातीकडे ओढायचे, पुढे रेटायचे, पुन्हा ओढायचे. मध्येच ‘दोर सोड, दोर सोड’ असं ओरडायचे. एका रात्री त्यांचा हात आईच्या मनगटावर बसला, काचेच्या बांगड्या फुटल्या आणि रक्त आलं. हाक मारून उठवलं की लगेच भानावर यायचे आणि पूर्ण स्वप्न सांगायचे. होडी उलटत होती, जाळ्यात काहीतरी मोठं होतं. आईची क्षमा मागायचे. जागेपणी इतका शांत माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आम्ही काय केलं? देवाला गाऱ्हाणं घातलं, कौल लावला. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, वयामुळे होतं. त्याच सुमारास चुलीवर सुका बांगडा करपला तरी बाबांना वास येत नसे. आम्ही ते सर्दीवर ढकललं. मी विज्ञानाचा शिक्षक, आणि या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहायचं मला सुचलं नाही. हे सुरू झाल्यापासून नवव्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरू लागला, दोराला गाठ मारता येईना. निदान झालं पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं.

वर सांगितलेला स्नायूंचा बांध काही जणांत, बहुधा पन्नाशीनंतर, ढिला पडतो आणि माणूस स्वप्न अंगाने जगायला लागतो. फ्रान्समध्ये लियों इथे मिशेल झुव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतला हा बांध घालणारा छोटा भाग निकामी केला, तेव्हा ती मांजरं झोपेतच उठून नसलेल्या भक्ष्यावर झडप घालू लागली. माणसातला हा विकार १९८६ साली अमेरिकेत मिनेसोटाचे कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी नोंदवला. त्यांच्याकडच्या पन्नाशीपुढच्या पुरुषांच्या गटावर त्यांनी वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. २०१३ साली त्यांनी लिहिलं की २६ पैकी २१ जणांना पार्किन्सन्स किंवा त्याच जातीचा मेंदूचा आजार झाला. हातापायांच्या आधी झोप बोलते, कधी कधी दहा वर्षं आधी. वास कमी होणं आणि जुनी बद्धकोष्ठता हीसुद्धा त्याची आधीची लक्षणं असू शकतात.

झोपेत बडबडणारा प्रत्येक जण या वाटेवर आहे असं कृपया समजू नका. नुसती बडबड निरुपद्रवी असते. काही मनोविकारांवरच्या गोळ्यांनीही हातवारे होतात, आणि घोरण्याच्या आजारात श्वास अडकूनही माणूस धडपडतो. पण पन्नाशीनंतर कोणी वारंवार मारामारी केल्यासारखे हातपाय झाडत असेल, उठवल्यावर त्याच हालचालींशी जुळणारं स्वप्न सांगत असेल, तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, आणि जाताना मोबाइलवर रात्रीचं चित्रण घेऊन जा. डॉक्टरांपुढे दिवसा काहीच दिसत नाही. आजार थांबवणारं औषध अजून नाही. पण झोपेतला धिंगाणा कमी करणारी औषधं आहेत. पलंग खाली घेता येतो, काठाला उशा लावता येतात, जवळची कोयती, काठी, काचेचा दिवा हलवता येतो, शेजारी झोपणाऱ्याला वेगळं अंथरूण देता येतं. आईचं मनगट वाचलं असतं. आणि नऊ वर्षं बाबांनी स्वतःला दोष देत काढली नसती.

लहान मूल झोपेत किंचाळून उठतं, ओळखतही नाही. दृष्ट काढावी का?

झोपल्यापासून पहिल्या दोन-तीन तासांत असं झालं, मूल डोळे सताड उघडून रडतं आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही, तर ते स्वप्न नव्हेच. गाढ झोपेतून अर्धवट जाग आल्याने होणारी ती भीती आहे. त्याला गदागदा हलवून जागं करू नका. पडणार नाही एवढं पाहा, जवळ बसा, थोड्या वेळात शांत होईल. मूल मोठं होता होता हे आपोआप थांबतं. पहाटेकडे रडत उठून मूल स्वप्न सांगत असेल तर ते दुःस्वप्न, त्याला जवळ घ्यायचं. आजीने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या तर बिघडत काही नाही, पण मुलापुढे भुताखेताचं बोलणं नको. उद्याच्या भीतीचं बी तिथेच पेरलं जातं.

बोटीवर असताना स्वप्नं पडत नाहीत, घरी आल्यावर मात्र पूर येतो. असं का?

खलाशांचं हे निरीक्षण अगदी बरोबर आहे. जाळं सोडणं-ओढणं चालू असताना झोप दोन-दोन तासांच्या तुकड्यांत मिळते. पहाटेची लांब आरईएम झोप हातची जाते. शरीर ही उधारी लक्षात ठेवतं. घरी सलग झोप मिळाली की आधी गाढ झोप आणि मग आरईएम झोप वसूल करतं. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत पहिले काही दिवस स्वप्नांनी भरलेले जातात ते त्यामुळेही असेल. दारूचंही असंच आहे. ती पहिल्या अर्ध्या रात्रीची आरईएम झोप दाबते, मग उत्तररात्री झोप तुटते आणि वाईट स्वप्नं पडतात. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर ती फार वाढतात, आणि एकदम सोडणं जिवावरही बेतू शकतं, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

तेच तेच वाईट स्वप्न पडतं. उपाय आहे का?

आहे, आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे याचं मला वाईट वाटतं. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ आलं, मे २०२१ मध्ये तौक्ते. त्यानंतर कित्येक महिने पत्रे उडण्याची, माड घरावर कोसळण्याची स्वप्नं पडत असल्याचं माणसं सांगायची. यावरची रीत साधी आहे. दिवसा, उजेडात, ते स्वप्न कागदावर लिहायचं. मग त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा. माड पडतो, पण खळ्यात पडतो, आम्ही सगळे ओटीवर उभे आहोत. हे बदललेलं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांपुढे आणायचं. काही आठवड्यांत पुष्कळांचा त्रास कमी होतो. मोठ्या आघातातून आलेली स्वप्नं असतील तर हे मानसतज्ज्ञाच्या मदतीने करावं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही, विशेषतः प्रोप्रानोलोल, मेटोप्रोलोल यांनी, स्वप्नं भडक होतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

स्वप्नाचा अर्थ कोणाला विचारावा?

फ्रॉइड यांनी १८९९च्या अखेरीस आलेल्या ग्रंथात स्वप्न म्हणजे दडपलेली इच्छा असं मांडलं. १९७७ साली हॉब्सन आणि मॅकार्ली म्हणाले, मेंदूच्या बुंध्यातून उठलेल्या लाटांना वरचा मेंदू कशीबशी गोष्ट लावतो, तेच स्वप्न. फिनलंडचे रेवोन्सुओ म्हणतात, स्वप्न ही धोक्याची रंगीत तालीम आहे. साप, पाठलाग, बुडणं हे सगळीकडे का दिसतं ते या तिसऱ्या मतातून बरं उलगडतं. एकच मत पूर्ण बरोबर आहे असं आज कोणी म्हणत नाही.

मला चरकसंहितेतली वाटणी अजूनही उपयोगी वाटते. तिथे स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषांतून आलेलं. यातल्या पहिल्या पाचांना काही फळ नाही असं वैद्याने समजावं, असंही तिथेच म्हटलं आहे. आणि आपल्या आज्या म्हणतच आल्या आहेत, मनी वसे ते स्वप्नी दिसे. स्वप्नात साप आला म्हणून राखणदार रागावला असा अर्थ लावण्याआधी, गेल्या आठवड्यात मांगरात फुरसं दिसलं होतं का ते आठवून पाहा.

जन्मांध माणसाला स्वप्नं पडतात का? प्राण्यांना?

जन्मांधाला पडतात, आवाजाची, स्पर्शाची, वासाची. साधारण सात वर्षांनंतर दृष्टी गेलेल्यांना स्वप्नात पुष्कळदा दिसत राहतं. प्राण्यांचं आपण त्यांच्याकडून ऐकू शकत नाही, पण २००१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत उंदरांच्या मेंदूत दिवसा धावलेल्या वाटेचा ठसा आरईएम झोपेत तसाच पुन्हा उमटताना दिसला. ओटीवरचा कुत्रा झोपेत पाय मारतो, तो कुठेतरी धावत असावा. आपल्या खाडीच्या तोंडाशी दिसणारे डॉल्फिन मात्र मेंदूचा एकेक अर्धा भाग आळीपाळीने झोपवतात, कारण श्वासाला वर यावंच लागतं. त्यांच्यात आरईएम झोप जवळजवळ आढळतच नाही.

स्वप्नांची वही ठेवायची आहे. कशी ठेवू?

वही उशाशी हवी, कपाटात नको. जाग आली की डोळे न उघडता, कूस न बदलता, आधी शेवटचं दृश्य पकडा आणि तिथून मागे जा. मग लिहा. तारीख, वेळ, काय दिसलं, कसं वाटलं. अर्थ लिहू नका. मोबाइल उचलू नका, उजेडाने आणि मेसेजने उरलंसुरलं पुसलं जातं. आणि पावसाळ्यात पेन्सिल ठेवा. आपल्याकडे जुलैत कागद इतका ओलसर असतो की शाई पसरते. बाबांच्या शेवटच्या वर्षांत मी त्यांच्या रात्रींची अशी नोंद ठेवली होती, त्यातली पेनाने लिहिलेली पानं आता वाचता येत नाहीत, पेन्सिलीची येतात.